ढगे सरांचे तीन डबे

ढगे सर बसायच्या आधी खुर्ची हाताने चाचपून बघायचे. खुर्ची समोर स्वच्छ रिकामी दिसत असली तरी. पाण्याची बाटली उचलली की हलवून बघायची, गॅसची टाकी आली की तिला टिचकी मारायची, संडासाचं दार सताड उघडं असलं तरी त्यावर टकटक करायची, असा त्यांचा नेम होता. "आधी बघावं, रिकामं हाय का," असं ते म्हणत. एकदा कुणाच्या तरी लग्नात त्यांनी अशीच खुर्ची चाचपली आणि तिच्यावर खरोखर वरणाची वाटी निघाली. सरांनी ती वाटी उंच धरून अख्ख्या मांडवाला दाखवली. त्या दिवसापासून त्यांना आवरणं आणखीच कठीण झालं.

पूर्णेत स्टेशनकडून बाजारात जाणाऱ्या रस्त्यावर, चष्म्याच्या दुकानाच्या वर, सरांची कॉम्प्युटर इन्स्टिट्यूट आहे. मी तिथं काही वर्षं टायपिंग आणि टॅली शिकवलं. वेबसाइट बनवायची विद्या मात्र सरांनी स्वतःकडे राखून ठेवली होती. तरुणपणी हैदराबादला जाऊन ते पीएचपी या वेबसाइट बनवायच्या भाषेचा कोर्स करून आले होते आणि तेव्हापासून त्यांचं आणि ज्ञानाचं भांडण मिटलेलं होतं. नवीन काही शिकायची त्यांना गरज वाटत नसे. मे महिन्यात, पंखा गरम हवा खाली ढकलत असताना, सर कोट घालून वर्गात उभे राहत. "मतलब," अशी वाक्याची सुरुवात आणि "बात खतम," असा शेवट. एखाद्या पोराने असा प्रश्न विचारला की ज्याचं उत्तर सरांना येत नाही, तर सर चष्मा काढून पुसायचे आणि म्हणायचे, "ते ॲडव्हान्समधी येतं." ॲडव्हान्सचा वर्ग इन्स्टिट्यूटमध्ये कधीच सुरू झाला नाही.

पण एक धडा ते खरंच छान शिकवायचे. त्यासाठी टेबलावर तीन स्टीलचे डबे असत. नीट सांगायचं तर दोनच डबे असत. तिसऱ्याच्या जागी खडूने गोल काढलेला असे. कॉम्प्युटरमध्ये माहिती ठेवायची जागा म्हणजे डबा, असं ते सांगत. पहिल्या डब्यात गोळ्या असत, दुसरा रिकामा असे, आणि तिसरा डबा मुळात आणलेलाच नाही. "डबा हाय का, हा एक प्रश्न," सर म्हणत. "डब्यात काय हाय का, हा दुसरा प्रश्न. जो मानूस हे दोन प्रश्न न इचारता पुढं जातो, त्याची वेबसाइट तोंडावर पडती." मग पहिला डबा खुळखुळवत, दुसरा उलटा करून दाखवत आणि खडूच्या गोलावर बोट आपटत ते वर्गभर फिरत. शेवटी पहिल्या डब्यातल्या गोळ्या वाटल्या जात. पोरं या धड्याला कधी गैरहजर राहिली नाहीत.

रिकामं आहे का हे तपासायला त्या भाषेत एम्प्टी नावाची एक सोय आहे. सरांचा तिच्यावर फार जीव. पोरं पाठीमागे त्यांना एम्प्टी सर म्हणत आणि सरांना ते ठाऊक होतं. मला वाटतं, आवडतही होतं. एका मुलीने एकदा विचारलं, "सर, डब्यात शून्य ठेवलं तर?" सर हसले. शून्य ठेवलं म्हणजे काय ठेवलं, काहीच नाही ठेवलं, एम्प्टीसुद्धा शून्याला रिकामंच धरते, भाषा बनवणारे काय खुळे होते का, असं बरंच बोलले. ती मुलगी म्हणाली, पण सर, मी तर ठेवलं ना. सरांनी चष्मा पुसायला घेतला.

या शून्याने सरांना पहिला हिसका दिला तो एका शाळेच्या निकालात. शाळेचं नाव कशाला सांगू, फी भरपूर आणि मैदान नाही अशी एक शाळा. तिच्या चाचणी परीक्षेचे निकाल पालकांना मोबाइलवर दिसावेत म्हणून सरांनी वेबसाइट करून दिली. मार्कांचा रकाना रिकामा असेल तर 'गैरहजर' असं दाखवायचं, इतका साधा हिशेब. एका पोराने गणितात शून्य मार्क मिळवले आणि मोबाइलवर आलं, गैरहजर. बापाने त्याला स्वतः फटफटीवरून शाळेच्या दारात सोडलेलं होतं. पोरगं शाळेत शिरलं कुठं आणि गेलं कुठं, या विचाराने त्या माणसाने आधी पोराला बडवलं, मग शाळेत जाऊन गुरुजींना धरलं. पोरगं रडत सांगत होतं की मी होतो, मी पेपर लिहिला, मला काहीच आलं नाही एवढंच. त्याचं कुणी ऐकेना, कारण मोबाइलवर तसं नव्हतं.

शाळेने सरांना बोलावलं. वेबसाइटच्या प्रोग्राममधली एक ओळ बदलायची होती, चहा निवेपर्यंत झालं असतं. पण ओळ बदलायची म्हणजे आधीची चुकली होती असं होतं. सरांनी हेडमास्तरांना समजावलं की शून्य मार्क देणं हे मुलांच्या मनासाठी घातकच आहे, तेव्हा कमीत कमी एक मार्क देत चला. हेडमास्तरांना हे फार पटलं. त्या शाळेत तेव्हापासून कुणालाही शून्य पडलेलं नाही आणि शाळेच्या जाहिरातीत ती गोष्ट अभिमानाने छापली जाते.

शेतीबद्दलही सरांचं असंच काहीतरी होतं. गोदावरीच्या काठी त्यांच्या वाट्याला आलेली जमीन त्यांनी इन्स्टिट्यूट काढताना थोरल्या भावाला विकली होती. कॉम्प्युटर, टेबलं, बाहेरचा बोर्ड, सगळं त्यातून आलं. यात लपवायसारखं काही नव्हतं. पण सर "आमच्या रानात यंदा हरभरा लय चांगला हाय," असं म्हणत राहिले. संक्रांतीच्या आसपास थोरले भाऊ ज्वारीचं एक पोतं आणून जिन्याखाली टाकत, आणि सर आम्हाला पिशव्या भरून देताना सांगत, घरची ज्वारी आहे, भाकरी करून बघा. भाऊ समोर उभे असले तर खाली बघत. ज्वारी खरंच चांगली असायची, म्हणून आम्हीही पिशवी घेऊन गप्प बसायचो.

मग समाजाच्या वधू-वर मंडळाची वेबसाइट आली. मंडळाच्या अध्यक्षांनी सरांना विचारलं आणि सरांनी ती फुकट करून दिली. बदल्यात मंगल कार्यालयात शाल, नारळ आणि ध्वनिक्षेपक मिळाला. ध्वनिक्षेपक हातात आल्यावर सर तासभर बोलले. नाव, शिक्षण, उंची, नोकरी आणि घरची शेती किती एकर, या गोष्टी भरल्याशिवाय पुढं जाताच येणार नाही, अशी आपण सोय केली आहे, कुणी काही रिकामं ठेवून लपवाछपवी करू शकणार नाही, असं त्यांनी सांगितलं. शेतीच्या उल्लेखाला सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या. आमच्याकडच्या मुलीच्या बापांची मागणी साधी असते. मुलाला नोकरी पुण्यात पाहिजे, शेती गावाकडं पाहिजे आणि आपल्या मुलीने त्या शेतात कधी पाय ठेवायला नको.

दोन दिवसांत फोन सुरू झाले. ज्यांना शेती नव्हती ती पोरं प्रामाणिकपणे शून्य टाकत होती आणि वेबसाइट लाल अक्षरांत सांगत होती, 'कृपया घरची शेती भरा. ही माहिती रिकामी ठेवता येत नाही.' पोरं परत शून्य टाकत, परत लाल अक्षरं येत. सर प्रत्येकाला फोनवर एकच उत्तर देत, "शून्य कशाला टाकता, एक टाका. एक एकर. बात खतम." अशा रीतीने पंधरवड्यात जिल्ह्यातल्या सगळ्या भूमिहीनांना सरांनी एकेक एकर जमीन वाटून दिली. एवढं काम आजवर कुठल्या सरकारला जमलेलं नाही.

त्यात विष्णू होता. राणीसावरगावचा. त्याच्या वडिलांनी जन्मभर दुसऱ्याच्या शेतात सालगडी म्हणून राबून त्याला शिकवलं होतं. आमच्या इन्स्टिट्यूटमध्ये तो कोर्स करून गेला आणि पुढे रेल्वेत सिग्नल दुरुस्तीच्या कामाला लागला. कमी बोलणारा, सरळ पोरगा. त्यानेही शून्य टाकलं, लाल अक्षरं बघितली, सरांना फोन केला आणि सरांनी सांगितलं म्हणून एक टाकलं. सोनपेठकडची एक मुलगी त्याला पसंत पडली, तो तिला पसंत पडला. दोघं फोनवर बोलायला लागले. सुपारी फोडायचं ठरलं आणि मुलीच्या चुलत्यांनी सातबारा मागितला. सातबारा कुठून आणायचा? विष्णूने जे होतं ते सांगितलं, की शेती नाही, मी शून्यच लिहीत होतो, वेबसाइट घेत नव्हती. चुलते म्हणाले, वेबसाइटला काय पडलंय खोटं बोलायला. सुपारी राहिली. गावात झालं की पोरगं लबाड निघालं.

विष्णू दुपारी इन्स्टिट्यूटमध्ये आला तेव्हा सर डबे मांडून ठेवत होते, वर्ग सुरू व्हायचा होता. मी माझ्या टेबलावर होते. तो बसला नाही. लग्न जुळवून द्या असं तो म्हणतच नव्हता. त्याला फक्त एवढंच पाहिजे होतं की सरांनी त्याच्याबरोबर सोनपेठला यावं आणि त्या लोकांना सांगावं की चूक वेबसाइटची होती.

सरांनी खुर्ची चाचपली आणि बसले. मग जे सुरू झालं ते ऐकताना मलाच शरम वाटली. मतलब, चूक नाहीच, तो भाषेचा नियम आहे. जगभर तोच चालतो. लोकांना लॉजिक समजावून सांगायचं तर आधी लोकांकडे लॉजिक पाहिजे. आणि एक एकर म्हणजे असं काय मोठं खोटं आहे, लोक दहा-दहा लिहितात. विष्णू सगळं ऐकून घेत होता.

"सर, मी खरं लिवलं होतं," तो म्हणाला. "तुमीच म्हनलात एक टाक. ती मला फोनवर इचारायलीय, खोटं का लिवलं म्हनून. मी काय सांगू तिला?"

सरांनी चष्मा काढला. पुसत राहिले. चहा सांगू का म्हणाले. विष्णू जिना उतरून गेला आणि सरांनी वर्गात जाऊन डब्यांचा धडा घेतला. गोळ्या वाटायचं विसरले.

मला त्यांचा राग आला होता. तो मी बोलून दाखवला, तर म्हणाले, "मॅडम, तुमी टॅली बघा." मी टॅली बघत बसले.

दोन-चार दिवसांनी त्यांची मुलगी स्नेहल आली. ती नांदेडला औषधांच्या कंपनीत नोकरी करते आणि बोलण्यात बापावर गेलेली नाही. तिच्या लग्नाचं बघायचं होतं, तेव्हा मंडळाच्या वेबसाइटवर तिची माहिती सरांनी स्वतःच्या हाताने भरायची ठरवली. आपणच बनवलेल्या वेबसाइटवर आपल्या लेकीचं नाव, म्हणून मलाही बघायला बोलावलं. कोट घातलेला होता. नाव झालं, शिक्षण झालं, उंचीवरून बापलेकीचं थोडं वाजलं. मग आली घरची शेती.

सर थांबले. माझ्याकडे बघितलं, मग खिडकीकडे. जिन्याखाली ज्वारीचं पोतं होतं ते मला उगीचच आठवलं. सर म्हणाले, दादाचं रान म्हणजे तसं आपलंच आहे. स्नेहलने त्यांच्या हाताखालून कीबोर्ड ओढून घेतला, शून्य टाकलं आणि बटण दाबलं. लाल अक्षरं आली, 'कृपया घरची शेती भरा. ही माहिती रिकामी ठेवता येत नाही.' तिने पुन्हा शून्य टाकलं. पुन्हा तीच अक्षरं.

"बाबा," ती म्हणाली, "एक टाकू का?"

तिला विष्णूचं काही ठाऊक नव्हतं. तिने आपलं साधं विचारलं होतं, पुढं जाता येत नाही म्हणून. पण सरांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. कोटातली माणसं लहान दिसू शकतात हे मला त्या दिवशी कळलं. ते उठले, तिला म्हणाले, "काय टाकू नको. राहू दे तसंच." आणि त्यांनी ती एक ओळ उघडली. डबा आहे का आणि डब्यात खरोखर एकही अक्षर नाही का, एवढंच तपासायचं आणि शून्याला शून्य म्हणून आत येऊ द्यायचं, इतकाच बदल होता. चहा आलेला होता. तो निवायच्या आत काम झालं. एवढ्यासाठी एका शाळेतून शून्य हद्दपार झालं होतं आणि एका पोराची सुपारी मोडली होती.

सरांनी विष्णूला फोन करून दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडवर बोलावलं. मी कामावर येताना त्यांना पाहिलं. अंगात कोट, हातात कापडी पिशवी आणि पिशवीत डबे. सोनपेठला जायला निघालेल्या एसटीत चढून त्यांनी आधी सीट चाचपली, मग विष्णूला खिडकीपाशी बसवलं. मला वाटलं, झालं. आता हा माणूस त्या चुलत्यांच्या ओट्यावर डब्यांचा धडा घेणार, भाषेचा नियम सांगणार आणि पोराची राहिलेली अब्रूही घालवून येणार.

धडा त्यांनी घेतलाच. ते संध्याकाळी परतले तेव्हा विष्णूने पिशवी वर आणून ठेवली आणि जाताना जिन्यात मला सांगितलं. चुलते, दोन भावकीतले, मुलीचे वडील बाजेवर आणि सर मधोमध उभे. सरांनी एक डबा उलटा करून दाखवला, रिकामा. दुसऱ्या डब्यात एक चिठ्ठी टाकली. चिठ्ठीवर लिहिलं होतं, शेती नाही. झाकण लावून डबा चुलत्यांच्या हातात दिला आणि विचारलं, हा रिकामा आहे का? चुलत्यांनी उघडून बघितलं, वाचलं आणि म्हणाले, रिकामा कसा, चिठ्ठी हाय की.

"माज्या वेबसाइटनं ह्यो डबा रिकामा धरला," सर म्हणाले. "ह्या पोरानं चिठ्ठी टाकली होती. मीच त्याला म्हनलं, चिठ्ठी बदल. चूक ह्याची न्हाई. माजी हाय."

विष्णू सांगत होता की हे बोलताना सर एकदाही मतलब म्हणाले नाहीत. मुलगी चहा घेऊन आली होती, ती ट्रे धरून उभीच राहिली. सगळं ऐकल्यावर त्याच्याकडे बघून ती एवढंच म्हणाली, "आता कळलं." त्याला तेवढंच पाहिजे होतं असं तो म्हणाला, पण त्याचा आवाज तसं सांगत नव्हता. त्याची ड्यूटी होती, तो स्टेशनकडे गेला.

सर वर आले. स्नेहल कॉम्प्युटरपाशी बसलेली होती. मी विचारलं, मग चुलते काय म्हणाले.

"म्हनले, पोरगं खरं हाय, आमी मानतो. लबाड म्हनलं ते चुकलं." सरांनी कोट काढून खुंटीला लावला. कोटाशिवाय ते बारीकच होते. "मंग म्हनले, पण सर, शून्य ते शून्यच की."

"म्हणजे?"

"म्हंजे न्हाई म्हनले. त्यांच्याकडं बी तोच नियम हाय, मॅडम. माज्या ओळीसारखा. फक्त त्यांची ओळ मला बदलता येत न्हाई."

मला त्या चुलत्यांचा भयंकर राग आला आणि सरांचा जो राग धरून ठेवला होता तो कुठं ठेवायचा ते कळेना. स्टेशनवरून गाडी आल्याची घोषणा ऐकू येत होती. मग स्नेहल म्हणाली, "बाबा, माझं राहिलंय. भरू का?" सर तिच्या मागे जाऊन उभे राहिले. तिने शून्य टाकलं आणि बटण दाबलं. हिरवी अक्षरं आली, माहिती जमा झाली. सरांनी ती मोठ्याने वाचली, एखाद्या पोराचा निकाल वाचावा तशी, आणि पडद्यावर 'घरची शेती: ० एकर' असं आलं होतं ते दोनदा बोटाने दाखवलं. "घेतलं बघ," म्हणाले.

आणि मग ते मागे सरकून खुर्चीत बसले. चाचपली नाही, बघितलंही नाही, सरळ बसले. खुर्चीवर माझा जेवणाचा डबा होता. तो त्यांच्याखाली कुरकुरला, मला स्पष्ट ऐकू आलं, स्नेहलनेही मान वळवली. सरांना काही कळलं नाही. ते पडद्याकडे बघत बसले होते, आणि मीही त्यांना उठवलं नाही. त्या डब्याचं झाकण आजही नीट बसत नाही.